आत्याच्या मेंदूची मोजणी

मार्चमध्ये एकदा सकाळी पावणेसातला आत्याचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, डायरेक्ट "अगं आठ दिवसांत वाढलं की गं ते." मला झोपेत काही कळेना काय वाढलं, मला वाटलं शेजाऱ्यांनी परत बांध कोरला. (तिचं आणि शेजारच्यांचं तीन वर्षं चाललंय ते, येतेच त्यावर.)

मग हळूहळू उलगडा झाला. अंथरुणात कूस बदलली की तिला गरगरायचं, म्हणून कराडला एका ठिकाणी डोक्याचा सीटी काढला, रिपोर्टमध्ये शेवटी वयाच्या मानाने ठीक, विशेष काही नाही अशा अर्थाचं लिहिलेलं. चक्कर काही थांबेना म्हणून दादा तिला पुण्याला घेऊन आला, इथे एमआरआय झाला, आणि त्यात 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकस ग्रेड २', म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पडून हळूहळू झालेले बदल. दादाने अर्थातच रात्री बारा वाजता ते गुगल केलं आणि सकाळपर्यंत घरात डिमेन्शिया, पॅरॅलिसिस सगळं येऊन गेलं. आत्याचा हिशोब सरळ होता, आठ दिवसांपूर्वी नव्हतं, आता ग्रेड दोन आहे, म्हणजे महिनाभरात किती?

आता गंमत अशी की मी पोटापाण्यासाठी नेमकं हेच करते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत चार वर्षं झाली, लोकांच्या मेंदूच्या एमआरआयमधले पांढरे डाग माउसने, हल्ली पेनने, कडेकडेने आखायचे, म्हणजे मग सॉफ्टवेअर त्यावरून शिकतं. डॉक्टर नाहीये मी, आधी बीएस्सी आणि मग एक कोर्स, घरी कोणालाही माझं काम नीट माहीत नाही, आई सांगते 'कॉम्प्युटरवर काहीतरी रंगवते'. जे तसं अगदी चूक पण नाही. तर आत्याला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहून काढतेय.

मेंदूचा वरचा करडा थर म्हणजे पेशींची वस्ती आणि त्याच्या आत जे पांढरं दिसतं ते व्हाइट मॅटर, म्हणजे वायरिंग. पांढरं का तर वायरीवर मायलिनचं चरबीचं वेष्टण असतं. हे वायरिंग किती असावं? डेन्मार्कमध्ये काही जणांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासून २००३ मध्ये हिशोब मांडला होता, विशीतल्या पुरुषात साधारण १,७६,००० किलोमीटर आणि बाईत १,४९,०००. पृथ्वीला चारेक वेळा गुंडाळता येईल एवढं. आणि विशीपासून ऐंशीपर्यंत त्यातलं जवळपास ४५ टक्के कमी होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी तिशी नुकतीच उलटली होती, त्या दिवशी जेवण जरा कमीच गेलं.

पण रिपोर्टमध्ये येतात ते डाग म्हणजे नुसतं हे कमी होणं नव्हे. मेंदूच्या खोल भागाला रक्त पोचवतात त्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, लांबून येणाऱ्या, शेवटच्या टोकाच्या. पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी कसं पोचतं ते आत्याला मी सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं, सिगरेट असली, साखर असली की या वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आसपासच्या भागाला रक्त कमी पडतं, थोडं पाणी झिरपतं, वेष्टण विरळ होतं. एमआरआयमध्ये फ्लेअर नावाचा एक प्रकार असतो, त्यात मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं, त्यामुळे त्या पोकळ्यांना चिकटून असलेला असा विरळ भाग पांढराशुभ्र उठून दिसतो. सीटीवर मात्र तोच भाग काळपट दिसतो, आणि तो पण पुरेसा मोठा असेल तर.

याला नाव पडलं १९८७ मध्ये. कॅनडातल्या हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकोअरायोसिस असा ग्रीक शब्द बनवला, अर्थ साधा, पांढरं विरळ झालंय. मला त्यातलं हे आवडतं की त्यांनी नावात कारण घुसवलं नाही, जे दिसतंय तेवढंच म्हटलं. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या फ्रांझ फझेकस यांनी आणि त्यांच्या टीमने ती पट्टी दिली जी आत्याच्या रिपोर्टवर येऊन बसली. शून्य ते तीन. पोकळ्यांच्या कडेला बघायचं, काहीच नाही तर शून्य, टोकांना टोपीसारखं किंवा पेन्सिलच्या रेघेसारखं पातळ असेल तर एक, गुळगुळीत प्रभावळ असेल तर दोन, आणि प्रभावळ वेडीवाकडी होऊन आत खोलवर घुसली की तीन. मग खोल भागातले डाग वेगळे बघायचे, ठिपके ठिपके असतील तर एक, ठिपके एकमेकांना भेटायला लागले की दोन, मोठे पट्टे झाले की तीन. झालं, एवढंच. रेडिओलॉजिस्टला दहा सेकंदांत जमतं म्हणून आज जवळपास चाळीस वर्षांनी पण हीच पट्टी चालते.

पण बघा, 'भेटायला लागले' हे कोण ठरवणार? दोन ठिपक्यांच्या मध्ये एक केसाएवढी काळी फट आहे, ती मला दिसते, दुसऱ्याला नाही दिसत. एक की दोन?

आणि आत्याच्या सीटी विरुद्ध एमआरआय भानगडीवर तर खास काम झालंय. स्टॉकहोमच्या वालुंड आणि युरोपभरच्या मंडळींनी २००१ मध्ये एक पट्टी काढली जी मुद्दाम दोन्हीवर चालावी अशी बनवलेली, तिचं नावच वयाशी निगडित व्हाइट मॅटर बदलांची पट्टी. मेंदूचे डावे पाच आणि उजवे पाच भाग करायचे, पुढचा, मागचा, कानशिलाचा, खालचा लहान मेंदू आणि त्याच्याजवळचा, आणि मधला गाभा, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, बेरीज तीसपैकी. मग वेगवेगळ्या तपासणाऱ्यांचं एकमेकांशी किती जुळतं ते काढलं, योगायोगाने जुळणारं वजा करून. एकाचा अर्थ पूर्ण एकमत, शून्याचा अर्थ नुसता योगायोग. एमआरआयवर आलं ०.६७, सीटीवर ०.४८. म्हणजे पट्टी बनवणारी, तिच्यावर ट्रेनिंग घेतलेली माणसं, आणि त्यांचं सुद्धा सीटीवर निम्म्यापर्यंतच जुळतंय. आणि दुसरी गोष्ट अशी की मोठे डाग दोन्हीत सारखेच सापडले, बारीक मात्र एमआरआयलाच जास्त दिसले.

म्हणजे आत्याचं आठ दिवसांत काही वाढलेलं नव्हतं. कराडच्या सीटीला ते दिसतच नव्हतं. मी तिला म्हटलं, "आत्या, चष्मा न लावता तांदूळ निवडलेस आणि मग चष्मा लावून निवडलेस, तर खडे वाढले का?" ती म्हणाली, "खडे नाही वाढले, पण डोळे गेलेत हे तर कळलं ना." या बाईशी वाद घालता येत नाही.

आता मी काय करते ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. ग्रेड हा ढोबळ आकडा. ग्रेड तीनवाला माणूस पुढच्या पाच वर्षांत दुप्पट डागांचा झाला तरी तो ग्रेड तीनच, पट्टी तिथे संपते. म्हणून औषधांच्या अभ्यासाला वगैरे मिलीलिटरमध्ये आकडा लागतो, एकूण डाग किती मिली. त्यासाठी प्रत्येक स्लाइसवर डागाची कड आखायची. मी आयटीके-स्नॅप नावाचं आखायचं सॉफ्टवेअर उघडते, ते फुकट मिळतं, डावीकडे फ्लेअर, उजवीकडे टी-वन (एमआरआयचाच आणखी एक प्रकार), पेन घेते. डागाचा मधला भाग पांढराफटक, त्यात शंका नाही. पण कडेला तो पांढऱ्याचा करडा, करड्याचा आणखी करडा होत जातो, चार-पाच पिक्सेलमध्ये, आणि तिथे कुठेतरी मला रेघ मारायची आहे. स्क्रीनचा ब्राइटनेस नाही, पण विंडो म्हणतात ती, म्हणजे कुठला आकडा काळा आणि कुठला पांढरा दाखवायचा ते, ती जरा खाली ओढली की डाग माझ्या डोळ्यांसमोर फुगतो. वर ओढली की आकसतो. डाग तोच! पहिल्या आठवड्यात मी एक केस सकाळी आखली आणि तीच परत संध्याकाळी, मुद्दाम, सकाळचं न बघता. संध्याकाळचे डाग जवळपास सव्वापट. मी सकाळी चहा घेतला नव्हता एवढाच काय तो फरक.

बांध म्हणजे हेच. आत्याच्या मोजणीला आम्ही सगळे गेलो होतो, मशीन लावलं होतं, तिपाईवर, सॅटेलाइटवालं, अगदी सेंटिमीटरमध्ये. मोजणीवाले साहेब म्हणाले मशीन चुकत नाही, पण खूण कुठली धरायची ते सांगा, हा दगड का तो दगड. तीन वर्षं त्या दगडावरच अडलंय.

आमच्याकडे दोन रेडिओलॉजिस्ट आहेत तपासायला, एक सर, एक मॅडम. सर हात सैल सोडतात, प्रभावळ सगळी धरतात. मॅडम कडक, जरा करडं दिसलं की 'हे सोड, हे नॉर्मलच आहे'. पोकळ्यांच्या पुढच्या टोकाला थोडी पांढरी टोपी निरोगी माणसाला पण असते, त्यावरून तर दर आठवड्याला. दोघांचं किती जुळलं ते मोजायला डाइस म्हणून आकडा आहे, दोघांनी धरलेला सामायिक भाग गुणिले दोन, भागिले दोघांच्या भागांची बेरीज. मोठ्या डागात मस्त येतो, कारण कडेला थोडं इकडेतिकडे झालं तरी मधला गठ्ठा सामायिक असतो. पण समजा ठिपका एका ओळीतल्या चार घरांचा, म्हणजे चार पिक्सेलचा आहे, मॅडमनी चार धरली, सरांनी पण चारच धरली, फक्त एका बाजूला दोन घरं सरकून, तर सामायिक दोन, आकडा ०.५. दोघांनी ठिपका शोधला, दोघांचं आकारमान सारखं, आणि निकाल निम्मे मार्क. म्हणजे ज्या माणसाला डाग कमी, त्याच्या मोजणीवर भांडण जास्त.

मग लोक म्हणतात, कॉम्प्युटरला करू द्या, आकडा ठरवा, याच्या वर पांढरं. इथेच खरी गोची आहे आणि ही गोष्ट मला कामाला लागेपर्यंत माहीतच नव्हती. सीटीच्या आकड्यांना अर्थ असतो, पाणी म्हणजे शून्य, कराडला काढा नाहीतर कॅनडात, पाणी शून्यच. एमआरआयच्या नेहमीच्या फोटोतल्या आकड्याला एकक नसतं. एका मशीनवर निरोगी भाग ३०० आणि डाग ५००, दुसऱ्यावर निरोगी ९०० आणि डाग १,४००, दोन्ही बरोबर. त्यात १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन वेगळं, ३ टेस्लाचं वेगळं, कुणी ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइस काढतो (बारीक ठिपका त्यात विरघळून जातो, पातळ ताकासारखं), कुणी १ मिलिमीटरच्या. पेशंट हलला तर आणखी वेगळं.

२०१७ मध्ये नेदरलँड्सच्या मंडळींनी याचीच स्पर्धा ठेवली होती, पाच वेगवेगळ्या मशीनवरचे स्कॅन, शिकायला ६० दिले आणि परीक्षेचे ११० लपवून ठेवले, आणि परीक्षेत अशी मशीनं पण घातली जी शिकवताना दाखवलीच नव्हती. न्यूरल नेटवर्कवाले, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्राम, पुढे गेले, सगळ्यात वर असलेल्यांचा डाइस ०.८ च्या आसपास. ०.८ ऐकायला कमी वाटतं, पण माणसामाणसांत पण यापेक्षा फार वर जात नाही. आणि शेवटी ते शिकलंय कुणाकडून? कुठल्यातरी माझ्यासारखीने मारलेल्या रेघेकडून. सरांच्या रेघांवर शिकवलं तर मशीन सैल, मॅडमच्या रेघांवर शिकवलं तर कडक. आमचं सुरुवातीचं मॉडेल चौथ्या पोकळीच्या आसपास सगळ्यांना डाग दाखवायचं, पाणी तिथे उसळतं त्याची ती फ्लेअरमधली खोटी चमक असते. दोन महिने गेले ते काढायला.

तर आत्याचं ग्रेड दोन. खरं की खोटं? दादा मला सीडी घेऊन आला, मी बघितलं (रिपोर्ट द्यायचा मला अधिकार नाही, घरचं म्हणून बघितलं), पाच मिलिमीटरच्या स्लाइस, दोन ठिपके मागच्या बाजूला एकमेकांच्या अगदी जवळ. मी एक म्हटलं असतं. मॅडमना नाव न सांगता दाखवलं, त्यांनी एक म्हटलं. सरांनी दोन. हसावं की रडावं.

पण याचा अर्थ हे सगळं हवेत आहे असंही नाही. ढोबळ पट्टी ढोबळ प्रश्नाला चांगलं उत्तर देते. युरोपात लाडिस नावाचा अभ्यास झाला, ६५ ते ८४ वयाची, स्वतःचं स्वतः सगळं करणारी ६३९ माणसं घेतली, सुरुवातीला फझेकस लावला आणि काही वर्षं पाठपुरावा केला. ज्यांची ग्रेड तीन होती त्यांच्यात परावलंबी होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण सौम्यवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. तीन म्हणजे खरंच लक्ष द्यायची गोष्ट, चाल, तोल, लघवीवरचा ताबा, विचाराचा वेग, सगळ्याशी संबंध. एक आणि दोनच्या मधली फट मात्र तेवढी नाही. आणि मुळात डाग असणं हेच नॉर्मलच्या फार जवळ आहे, रॉटरडॅमच्या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांचे स्कॅन काढले तर एकही डाग नसलेले फक्त ५ टक्के. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा जरा श्वास सोडला. "म्हणजे तुझ्या मामाला पण असणार." मामांना एमआरआय काढायची काही गरज नाहीये हे दोनदा सांगावं लागलं.

हे सगळे आकडे तिकडचे, हे मला पण खटकतं. आपल्याकडे बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय, त्यात एमआरआय पण आहे. शेतात राबलेल्या, शाळा कमी झालेल्या माणसांचे मेंदू कसे वयस्क होतात ते तिथून कळेल. आत्या त्याच पठडीतली, चौथीपर्यंत शाळा आणि पुढे आयुष्यभर ऊस.

चक्करचं काय झालं ते राहिलंच. ती कानातली निघाली. आतल्या कानातले खडे जागचे सुटतात आणि मान वळवली की सगळं गरगरतं, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवून डोकं एका विशिष्ट पद्धतीने फिरवलं, दोन खेपांत थांबलं. डागांचा आणि चक्करेचा काडीचा संबंध नव्हता, एमआरआय काढला नसता तर कुणाला कळलंही नसतं. पण आता कळलंय ना. एकदा कळलं की माणूस ते न कळल्यासारखं करू शकत नाही.

दादाचं पुढचं, "सहा महिन्यांनी परत काढू या ना, वाढतंय का ते बघायला." त्याला मी बसवून एक आकडा दाखवला. अमेरिकेत स्प्रिंट नावाच्या मोठ्या अभ्यासात बीपीवाल्या लोकांचे दोन गट केले होते, एकाचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, दुसऱ्याचं १२० च्या खाली. त्यातल्या ४४९ जणांचे सुमारे चार वर्षांच्या अंतराने दोनदा एमआरआय झाले. १४० वाल्यांचे डाग सरासरी १.४५ मिलीने वाढले, १२० वाल्यांचे ०.९२ ने. फरक अर्धा मिली! चहाचा चमचा पाच मिलीचा असतो, त्याचा दहावा भाग, तोही चार वर्षांत. हे दिसलं कारण शेकडो माणसांची सरासरी काढली आणि मोजणी सगळ्यांची एकाच पद्धतीने केली. एकट्या आत्याचं, सहा महिन्यांत, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या माणसाने बघितलेलं? त्यात सर की मॅडम एवढंच कळेल. आणि परत आठ-दहा हजार.

पण त्या अभ्यासातली दुसरी अर्धी गोष्ट आत्याच्या कामाची होती, की बीपी नीट धरलं तर वाढ मंदावते. तिचं बीपी १६० च्या खाली येत नव्हतं हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, गोळी ती 'बरं वाटलं की' बंद करायची. डॉक्टरांनी गोळी बदलली, किती खाली आणायचं ते त्यांनी तिच्या वयाकडे बघून ठरवलं, एकदम १२० वगैरे नाही, उठताना तोल जाऊन पडली तर निराळंच. लोणचं कमी केलंय म्हणते. मी विश्वास ठेवत नाही.

दादाने दंडाला बांधायचं मशीन आणून दिलंय. कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशोब लिहायची तिथेच आता बीपी लिहिते, एका चौकोनात दूध दीड लिटर आणि खाली १४२/८४. परवा रात्री परत फोन, हॅलो नाही काही नाही, "अगं आता १५१ आलं, मग पाच मिनिटं गप बसले आणि परत लावलं तर १३८. यातलं कुठलं लिहू?"

म्हटलं दोन्ही लिही. तर म्हणे चौकोनात मावत नाही.